उरलेल्या महिन्यांची गाडी

दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या मुलीचा फोन आला, “काकू, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहून द्या ना,” तेव्हा मी मीठ घातलेल्या गरम पाण्यात पाय सोडून बसले होते. जुन्या गाड्यांच्या दुकानात अर्धं आयुष्य उभ्याने काढलं की टाचा कायमच्या रुसतात. यंदा मी निवृत्त झाले, पण टाचांना ते कुणी कळवलेलं दिसत नाही. मी तिला म्हटलं, गमती थोड्या आहेत गं, दमणूकच जास्त आहे. ती म्हणाली, मग तीच लिहा. तर लिहिते.

मी सिंगापुरात यिशुनला राहते. नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमागून पुण्याहून इथे आले. मुलगा शाळेत जायला लागल्यावर घरी बसून कंटाळले आणि उबीच्या औद्योगिक वसाहतीत जुन्या मोटारींच्या एका दुकानात फायली सांभाळायला लागले. एक दिवस विक्रीवालं कुणी आलं नव्हतं आणि एक दिल्लीचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मालक लिम मला म्हणाले, “सुबा, यू स्पीक हिंदी, यू गो सेल.” शुभांगी हे नाव त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. मी गेले, ती गाडी विकली आणि फायलींकडे परत काही गेले नाही. पुढे भारतीय गिऱ्हाइकं, त्यातही मराठी, आपसूक माझ्याच वाट्याला यायला लागली. बाई गाडी विकतेय हे बघून नवरे जरा बिचकायचे आणि बायका खूश व्हायच्या. मी किंमत सांगितली की मग दोघंही गप्प व्हायचे.

बाहेरच्यांसाठी हा धंदा आधी समजावून सांगते. सिंगापुरात मोटार घ्यायची तर आधी मोटार ठेवायचा हक्क विकत घ्यावा लागतो. त्याला सगळे सीओई म्हणतात. सरकार असे हक्क मोजकेच काढतं, त्यांचा लिलाव होतो, आणि घेतलेला हक्क दहा वर्षं चालतो. दहा वर्षं भरली की गाडी कितीही धडधाकट असो, एकतर त्या वेळच्या भावाने हक्क पुन्हा घ्यायचा, नाहीतर गाडी भंगारात किंवा परदेशी जाणाऱ्या जहाजात. अलीकडे हा लिलाव इतका चढलाय की साध्या गाडीपेक्षा तिचा हक्कच महाग पडतो. नवी परवडत नाही म्हणून लोक जुनीकडे वळतात आणि म्हणून जुनीही चढते. आमच्याकडे गाडीच्या काचेवर मॉडेलच्याही आधी हक्काचे किती महिने उरलेत ते लिहिलेलं असायचं. खरं सांगायचं तर आम्ही महिने विकायचो, त्यांच्याबरोबर गाडी जायची.

त्यातही मोठी जर्मन एसयूव्ही हे प्रकरण निराळं. ती नवी घेणारा माणूस आमच्या दुकानाकडे ढुंकून बघत नाही. सात-आठ वर्षांनी तीच गाडी आमच्या अंगणात येते आणि मध्यमवर्गीय माणसाला एकदम वाटायला लागतं की अरे, ही तर आपल्याला जमेल. जमेल असं वाटतं, कारण महिने थोडे उरलेले असतात. हवेवर चालणारं सस्पेन्शन बसायला आलेलं असतं, आणि पुढचा एक दिवा बदलायचा म्हटलं तरी घाम फुटतो. हे सगळं मी गिऱ्हाइकाला आधी सांगायचे. लिमना ते बिलकूल आवडायचं नाही. ते म्हणायचे, “सुबा, यू सेल कार ऑर यू सेल वॉर्निंग?”

आपली माणसं गाडी बघायला एकटी कधीच येत नाहीत. नवरा, बायको, मुलं, भारतातून आलेली आई, आणि एक जाणकार. हा जाणकार म्हणजे ऑफिसातला नाहीतर मंडळातला मित्र असतो. त्याची स्वतःची गाडी नसते, पण त्याने पुष्कळ व्हिडिओ बघितलेले असतात. तो आल्या आल्या टायरला लाथ मारतो. का मारतो ते मला आजवर कळलेलं नाही. मग बॉनेट उघडायला सांगून आत टक लावून बघतो आणि म्हणतो, “इंजिन तसं स्वच्छ आहे.” ते आम्हीच सकाळी धुतलेलं असतं. मी स्वतः गाडी पारखताना सीटबेल्ट पार टोकापर्यंत ओढून बघायचे, कारण गाडी पाण्यात बुडालेली असली तर तिथे चिखलाची रेघ राहते. बॉनेटच्या बोल्टवरचा रंग उडालाय का ते बघायचे, कारण तो उडाला असेल तर पत्रा कधीतरी काढून लावलेला असतो. एवढं झाल्यावर आजी विचारतात, “अ‍ॅव्हरेज किती देते गं?” मोठ्या जर्मन गाडीचं अ‍ॅव्हरेज मी आजींना इतक्या हळू सांगायचे की त्यांना ऐकू जाऊ नये.

पासिर रिसचे एक गृहस्थ दर शनिवारी यायचे आणि सगळ्यात मोठ्या एसयूव्हीत एसी लावून बसून राहायचे. गाडी घ्यायची नाही हे आम्हाला माहीत होतं आणि आम्हाला ते माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. घरी सासरे, मेव्हणा आणि दोन जुळी पोरं. थोडा वेळ बसायचे, काच खाली करून “थँक यू हं, बरं वाटलं,” म्हणायचे आणि बसने घरी जायचे. लिम एकदा त्यांना बाहेर काढायला निघाले होते, मी आडवी आले. तसा दमलेला माणूस मला लगेच ओळखू यायचा, रोज आरशात दिसत होता.

लिंबांचंही सांगायला हवं. गाडी ताब्यात देताना मराठी मंडळी चाकाखाली लिंबं ठेवतात, नारळ फोडतात, बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढतात. पहिल्यांदा लिम भडकले, रंगाला डाग पडेल म्हणून. त्यांच्या स्वतःच्या केबिनमध्ये लाल देव्हारा, त्यापुढे संत्री आणि उदबत्त्या, त्यामुळे मी त्यांना देवाच्याच भाषेत समजावलं. पुढे एकदा लिंबांशिवाय दिलेली गाडी पहिल्याच आठवड्यात मागून ठोकली गेली. तेव्हापासून चिनी असो, मलय असो, कुणालाही लिम लिंबं चिरडल्याशिवाय सोडत नसत. लिंबं म्हणजे इथली सुपारीएवढी, खाऊगल्लीसारख्या हॉकर सेंटरमध्ये नूडल्सवर पिळतात ती. आमच्या एका जोशीकाकूंनी एवढ्याशा लिंबाला हरकत घेतली तर लिम गंभीरपणे म्हणाले, “आंटी, स्मॉल लेमन, सेम पॉवर लाह.”

पण लिहायला बसले ती जगतापांसाठी. विनायक जगताप टॅम्पिनीसला राहतात, बँकेत अकाउंट्सचं काम करतात. मूळचे कोल्हापूरकडच्या एका खेड्यातले, आता इथले पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी. पन्नाशीला टेकलेले. पहिल्यांदा आले ते दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, घामेजलेले, गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच. बरोबर जाणकार नव्हता, याचंच मला नवल वाटलं. सरळ अंगणातल्या एका काळ्या सात-सीटर जर्मन एसयूव्हीपाशी गेले, मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर हात फिरवत उभे राहिले. माझ्या सगळ्या नोकरीत स्टेअरिंगच्या आधी मागची सीट बघणारा हा पहिलाच माणूस.

“हिच्यात मागं बसलं की कसं वाटतं हो?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, बसून बघा. ते बसले नाहीत. म्हणाले, “मला नाही बसायचं. दादांना बसवायचंय.”

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, महादेव. वडील लवकर गेले, दादांनी शाळा सोडली आणि ड्रायव्हरकी धरली. साखर कारखान्याच्या चेअरमनची गाडी त्यांनी निवृत्त होईपर्यंत चालवली. विनायक शिकला तो त्या गाडीच्या जोरावर. लहानपणी एकदा कारखान्याच्या आवारात विनायकने ती उभी असलेली गाडी बघितली आणि मागच्या सीटवर जाऊन बसला, तेव्हा दादांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं आणि फडक्याने सीट पुसली. साहेबांची जागा होती ती. दादा स्वतःही तिथे कधी बसले नाहीत. आता दादा पहिल्यांदाच सिंगापूरला येणार होते, महिनाभरासाठी, दिवाळीला. विनायकना त्यांना विमानतळावरून स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसवून घरी आणायचं होतं. बाकी काही नाही.

मी सवयीप्रमाणे सगळ्या सूचना दिल्या. महिने थोडे उरलेत, सस्पेन्शनचा भरवसा नाही, तुमच्या इमारतीच्या पार्किंगचा चढ अरुंद आहे आणि गाडी रुंद आहे. वर असंही म्हटलं की महिनाभरासाठी भाड्याने घ्या, पुष्कळ मिळतात.

ते जरा दुखावले. म्हणाले, “ताई, दादांनी जन्मभर दुसऱ्याची गाडी सांभाळली. इथं आणून परत दुसऱ्याच्याच गाडीत बसवू?”

मी गाडीची फाईल उघडली.

दोन दिवसांनी त्यांची बायको वैशाली एकटी आली. शाळेत मदतनीस म्हणून काम करते, शांत बाई. मला बाजूला घेऊन म्हणाली, “ताई, त्यांना गाडी विकू नका. लेकीचं, ईराचं पुढच्या वर्षी युनिव्हर्सिटीचं आहे. यांच्या ऑफिसात निम्मं काम मनिलाला चाललंय. हे झोपत नाहीत रात्रभर, छताकडे बघत पडलेले असतात.” मी म्हटलं, मी नाही विकली तर शेजारचा विकेल, आणि तो सस्पेन्शनबद्दल तोंडातून अवाक्षर काढणार नाही. तिने गाडीचं मागचं दार उघडून आत बघितलं. मग म्हणाली, “मग तुम्हीच विका. पण चांगली करून द्या.” आम्ही दोघी तिथेच सावलीत बसून कॉपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायलो. मला त्या दिवशी या धंद्याचा खरोखर वीट आला होता. तरी गाडी मी विकलीच, आणि सस्पेन्शन दुकानाच्या खर्चाने करून घेतलं. लिम तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

विमा काढताना एक प्रश्न विचारावाच लागतो, की गाडी कोण कोण चालवणार. जगताप म्हणाले, “मी एकटा. वैशालीकडे लायसन्स नाही.” मी विचारलं, दादा? ते तर ड्रायव्हर आहेत. जगताप हसले, आणि तो माणूस हसलेला मी तेव्हा पहिल्यांदाच बघितला. म्हणाले, “दादांना मी स्टेअरिंगला हात लावू देणार नाही ताई. झालं त्यांचं चालवून. आता त्यांनी फक्त बसायचं.” त्यांचा विमा त्यामुळे जरा स्वस्तात बसला, एकाच माणसाच्या नावावर. लिंबं चिरडली आणि गाडी गेली. पुढचे दोन रविवार मी स्वतः टॅम्पिनीसला जाऊन त्यांना तो पार्किंगचा चढ चढायला शिकवला, कारण त्यांना त्या गाडीची भीती वाटत होती. ते आमच्या नोकरीत बसत नव्हतं, पण मला करावंसं वाटलं.

पुढचं मला वैशालीने फोनवर सांगितलं. दादा आले. विमानतळावर विनायकनी मागचं दार उघडून त्यांना बसवलं, मध्ये हात टेकायची जागा खाली केली, एसीचं तोंड त्यांच्याकडे वळवलं. एक्स्प्रेसवेला लागून थोडं पुढे आले असतील नसतील, तोच दादा म्हणाले, “विनू, गाडी थांबीव.” एक्स्प्रेसवेवर गाडी थांबवता येत नाही. विमानतळावर घेतलेल्या चॉकलेटांची पिशवी होती, ती कामाला आली. सगळ्यांना वाटलं, विमानातलं खाणं बाधलं.

दोन दिवसांनी देवळात निघाले तेव्हा पुन्हा तेच. मग पुढे बसवलं, तर पुढे दादांचा उजवा पाय सारखा खालची पाटी दाबायचा, नसलेला ब्रेक, आणि विनायक प्रत्येक वळणावर दचकायचे. जन्मभर चालवणाऱ्या माणसाला दुसऱ्याने चालवलेलं सोसत नाही, हे मी आमच्या ड्रायव्हर लोकांत पुष्कळदा बघितलंय. चौथ्यांदा विनायकनी गाडी बाहेर काढली तेव्हा दादा हात जोडून म्हणाले, “मला मागं बसवू नगं बाबा. पोटात ढवळतंय.” ईरा म्हणाली, “बाबा, जस्ट टेक एमआरटी लाह. काकांना एमआरटी आवडेल.”

आणि दादांना एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, आवडली. टॅम्पिनीसहून शहरात जाणारी एक लाइन अशी आहे की तिच्या गाडीला ड्रायव्हरच नसतो. पुढची काच मोकळी, समोर बोगदा. दादा त्या काचेपाशी उभे राहायचे ते शेवटच्या स्टेशनपर्यंत. तिथे त्यांचं पोट ढवळत नसे. चालवणारा कोणीच नाही याचं त्यांना काय वाटायचं ते त्यांनी सांगितलं नाही, पण रोज जेवण झालं की ईराला म्हणायचे, चल, बोगदा बघून येऊ. पुतणी काकांना घेऊन जायची. विनायक ऑफिसातून येऊन पार्किंगच्या वरच्या मजल्यावर उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसायचे आणि तासाभराने घरी यायचे. वैशालीने एकदा वर जाऊन लांबून बघितलं. ते पुढे नाही, मागच्या सीटवर बसलेले होते.

दादांच्या परतीच्या आदल्या दिवशी जगताप दुकानात आले. बरोबर दादा होते, काचा खाली करून, हळूहळू कसेबसे आलेले. पांढरा सदरा, पायात नवे बूट, हातात पिशवी. जगतापांनी मला त्यांची ओळख करून दिली आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, “परत घेऊन टाका.”

मी त्यांना बसवलं. किंमत सांगायला जीभ उचलत नव्हती. सांगितली. त्यांनी ऐकलीही नसावी. म्हणाले, “ज्याच्यासाठी घेतली त्याला ती सोसत नाही. काय ठेवून करू?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “ताई, एकदा, फक्त एकदा दादांनी त्या सीटवर आरामात बसावं एवढंच मला पाहिजे होतं हो. तेही जमलं नाही मला.” पन्नाशीचा माणूस माझ्यासमोर बसून डोळे पुसत होता आणि मागे रेडिओवर लिलावाचे नवे भाव सांगत होते. मी रेडिओ बंद केला.

इथे गाडी एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करणं फोनवर होतं, चहा गार व्हायच्या आत. जगताप फोनमध्ये डोकं घालून बसले. गाडी दुकानाच्या नावावर झाली. मी दुकानाच्या विम्यात तिचा नंबर चढवला आणि बाहेर आले.

दादा अंगणात गाडीभोवती फिरत होते. टायरला लाथ मारली नाही. पिशवीतून रुमाल काढून त्यांनी काचेवरचा पक्ष्यांचा डाग पुसला. मला बघून म्हणाले, “ताई, एक इचारू? ही चालवाय मिळंल का मला?”

मी म्हटलं, “तुमच्याकडे इथे चालणारं लायसन्स...”

“हाय की. इंटरनॅशनल काढून आणलोय कोल्हापुरातनं. विनूला बोललो न्हाई.” रुमालाची घडी घालत ते म्हणाले, “त्येला वाटलं असतं, ह्यो अजून ड्रायव्हरच ऱ्हायला. त्येचं मन मोडाय नको म्हणून मागं बसून बघितलं. न्हाई जमलं. ताई, जन्मभर मालकाची गाडी चालवली. आपल्या घरातली गाडी कधी चालवली न्हाई. विनूनं गाडी घेतली म्हणून कळलं तवाच ठरवलं हुतं, भावाची गाडी येक डाव चालवायची.”

महिनाभर दोघं भाऊ एका गाडीच्या दोन दारांशी एकमेकांना मान देत उभे होते, आणि त्यातला एकही मनातलं बोलला नव्हता. जगतापांच्या नावावर गाडी असताना त्यांच्या स्वस्तातल्या विम्यात दादांना किल्ली देता येणार नव्हती. आता देता येत होती. दुकानाच्या गाडीत विक्रेता शेजारी बसला असेल तर परवाना असलेलं कुठलंही गिऱ्हाईक फेरी मारू शकतं. मी दादांना तसं सांगितलं, आणि हेही सांगितलं की गाडी आत्ताच दुकानाची झाली, घरची राहिली नाही. मला फार वाईट वाटत होतं.

दादांनी गाडीकडे बघितलं. म्हणाले, “कागदावर नसंल. गाडी तर तीच हाय न्हवं?”

लिम केबिनच्या दारात उभे होते. त्यांना मराठी कळत नाही, पण धंद्यात मुरलेल्या माणसाला कोण काय मागतंय हे कळायला भाषा लागत नाही. “ही बायिंग?” त्यांनी विचारलं.

“नो, बॉस.”

“देन टेस्ट ड्राइव्ह फॉर व्हॉट?”

मी म्हटलं, ते ड्रायव्हर होते, भावाची गाडी एकदा चालवायची आहे. लिमनी कपाळाला हात लावला. “आयॉ, सुबा,” म्हणाले, “युज्वल रूट. कम बॅक फास्ट.” आणि मग आत जाऊन चार लिंबं घेऊन आले आणि स्वतः वाकून एकेका चाकाखाली ठेवली.

जगतापांना मी हाक मारली तेव्हा दादा ड्रायव्हरच्या सीटवर बसून आरसे नीट करत होते. जगताप दारातच थांबले. मी त्यांना थोडक्यात सांगितलं, दादा जे म्हणाले ते जसंच्या तसं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ते मागचं दार उघडून आत बसले. मी पुढे दादांच्या शेजारी बसले. दादांनी स्टेअरिंगला दोन्ही हात लावून ते हात कपाळाला लावले. सीट एकदाच पुढे घेतली. लिंबं चिरडली गेली आणि एवढं धूड गल्लीतून असं निघालं की मला कळलंसुद्धा नाही. मी हजारो माणसांना टेस्ट ड्राइव्ह दिली असेल, शेजारी बसून मुठी आवळलेल्या असायच्या. त्या दिवशी माझे हात मांडीवर सैल पडले.

पहिल्या वळणावर मागून जगताप म्हणाले, “दादा, इथं कॅमेरा आहे, जरा...”

“तू गप बस,” दादा म्हणाले. “पट्टा लावलास का?”

मागे पट्ट्याचा खटका वाजला. त्यानंतर मागून आवाज आला नाही. आमची नेहमीची फेरी म्हणजे गॅरेजांना वळसा घालून मोठ्या रस्त्याने परत. दादांचा चेहरा मी बाजूने बघत होते. महिनाभर पाहुणा म्हणून वावरलेल्या माणसाचा तो चेहरा राहिला नव्हता. दुकान जवळ आलं तसं मी जगतापांना काही विचारायला मागे वळले. ते झोपले होते. मान एका बाजूला पडलेली, तोंड उघडं, हात सीटवर पसरलेला. वैशालीने सांगितलेल्या त्या सगळ्या रात्रींची झोप त्यांना भर दुपारी लागली होती.

दादांना ते माझ्या आधीच दिसलं होतं. त्यांनी आरसा बोटभर खाली वळवला आणि वेग किंचित कमी केला. दुकानाच्या फाटकापाशी लिम घड्याळ दाखवत उभे होते.

“ताई,” दादा हलक्या आवाजात म्हणाले, “गाडी थांबली की झोपल्यालं माणूस जागं हुतंय. सिग्नल नसल्याला रस्ता हाय का कुठं? पोरगं झोपलंय.”

मांडीवर माझा फोन थरथरायला लागला, लिमचाच होता. मी तो उलटा ठेवला आणि दादांना पुढून डावीकडे वळून पासिर रिसच्या दिशेने एक्स्प्रेसवेला लागायला सांगितलं.